बी.एस्सी. नर्सिंग : चार वर्षे मुली शिकतात तरी काय?

बारावीचा निकाल लागला की रविवारी सकाळी विहारात गर्दी वाढते. वंदना आटोपली की आई-वडील मुलांना पुढे करतात आणि पिशवीतून गुणपत्रिका काढून आमच्या हातावर ठेवतात. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. कचेरीत कारकुनी करतो, बी.कॉम. झालो आहोत आणि गेली वीस वर्षे वस्तीतल्या मुलांचे फॉर्म भरून देतो, एवढीच आमची पात्रता. पण "भाऊ, पुढं काय करावं?" हा प्रश्न दरवर्षी आमच्याकडे येतो आणि आम्हीही माहिती काढून जमेल तसे सांगतो.

यंदा मात्र एका वडिलांनी आमची बोलती बंद केली. हे दादा पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर कामाला आहेत. मुलगी बारावी सायन्सला चांगल्या गुणांनी पास झाली. कॉलेजातल्या बाईंनी तिला नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला लावला होता. त्या परीक्षेतही तिला बरे गुण पडले. मुलगी जायला तयार, आई तयार, पण दादा काही केल्या 'हो' म्हणेनात. आम्ही कारण विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले,

"भाऊ, राग मानू नका, मनातलं सांगतो. माझ्या आज्यानं गावात मेलेली ढोरं ओढली. बाबासाहेबांनी सांगितलं तेव्हा गावाचा मार खाऊन ते काम सोडलं. बाप शहरात आला, झाडू मारला. मी कचरा उचलतो. आता पोरगी सायन्स शिकली, आणि तिनं काय करायचं? तर लोकांचं हगणं-मुतणं काढायचं! त्यासाठी चार वर्षं आणि वरती फी?"

समाजबांधवांनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तीन पिढ्यांचे सोसलेले त्यामागे आहे. आम्हाला त्याचे उत्तर देता आले नाही, कारण खरे सांगायचे तर नर्स चार वर्षे कॉलेजात काय शिकते हे आम्हालाही ठाऊक नव्हते. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, पट्टी बांधणे, याच्या पलीकडे आमची माहिती जात नव्हती. म्हणून आम्ही दादांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

पत्र्याची पेटी

आमच्याच वस्तीत, मागच्या गल्लीत, बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे. तिची आई घरकाम करते, वडील नाहीत. पुढच्या रविवारी ती होस्टेलवरून घरी आली होती. आम्ही दादांना आणि त्यांच्या मुलीला घेऊन तिच्या घरी गेलो. तिने माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली आणि एकेक पुस्तक, एकेक वही आमच्यापुढे मांडली. दोन-अडीच तास आम्ही तिथे बसलो होतो. त्या दिवशी जे पाहिले व ऐकले आणि नंतर अभ्यासक्रम मिळवून जे पडताळून घेतले, ते येथे देत आहोत.

सध्याचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेला असून तो २०२१ साली केंद्राच्या राजपत्रात प्रसिद्ध झाला. चार वर्षांची आठ सत्रे आहेत. शिकवणे इंग्रजीत, पेपरही इंग्रजीत. याच गोष्टीला आपली मराठी माध्यमाची मुले घाबरतात. या मुलीने आपले पहिल्या वर्षाचे पुस्तक उघडून दाखवले. पानापानावर इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले. "काका, पहिले सहा महिने असेच काढले," ती म्हणाली, "मग पेन्सिल लागेनाशी झाली." पहिल्या सत्रात इंग्रजी संभाषणाचा विषयच ठेवलेला आहे.

पहिले वर्ष : शरीर कसे चालते

पहिल्या सत्रात शरीररचना आणि शरीराचे कार्य, म्हणजे ॲनाटॉमी व फिजिऑलॉजी. हाडे किती, हृदयाचे कप्पे कोणते, मूत्रपिंड रक्त कसे गाळते, हे सर्व. त्याच्या जोडीला समाजशास्त्र आणि मानसशास्त्र. आम्हाला नवल वाटले. परंतु रुग्ण कोणत्या घरातून येतो, काय कमावतो, कशाला भितो, हे न कळता त्याची शुश्रूषा नीट होत नाही, म्हणून हे विषय. दुसऱ्या सत्रात जीवरसायनशास्त्र, आहारशास्त्र आणि आरोग्याच्या नोंदी संगणकावर ठेवण्याचा विषय.

या दोन्ही सत्रांत मुख्य विषय असतो तो परिचर्येची मूलतत्त्वे. येथे हाताने काम शिकवतात. प्रथमोपचार, नाडी, श्वास, ताप व रक्तदाब घेणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ घालणे, लकवा झालेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणे. आधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुतळ्यावर हात बसवायचा आणि मगच वॉर्डात जायचे.

दादा इतका वेळ गप्प होते. त्यांनी आता थेट विचारले, "आणि ते भांडं? ते द्यावं लागतं का नाही?"

मुलीने लपवाछपवी केली नाही. "द्यावं लागतं, काका. पहिल्या वर्षीच शिकवतात. पण भांडं ओतून टाकायच्या आधी बघायला शिकवतात." मग तिने समजावून सांगितले. शौच डांबरासारखी काळी, चिकट असेल तर पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव होत असण्याची शंका घ्यायची. मात्र रुग्ण लोहाच्या गोळ्या घेत असेल तरी शौच काळी होते, म्हणून ते आधी विचारायचे. मातकट पांढरी असेल तर पित्ताची वाट अडली असावी. तांदळाच्या धुवणासारखी असेल तर कॉलरा डोक्यात यायला हवा. लघवी तर मापाच्या भांड्यात मोजायची. साठ किलो वजनाच्या अत्यवस्थ माणसाला तासाला साधारण तीस मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होऊ लागली तर मूत्रपिंडापर्यंत रक्त पुरेसे पोहोचत नसेल, हे ओळखून डॉक्टरांना ताबडतोब कळवायचे.

तिने एक तक्ता दाखवला. डाव्या बाजूला रुग्णाच्या शरीरात गेलेले सलाईन, पाणी, दूध. उजव्या बाजूला लघवी, उलटी, नळीतून निघालेले पाणी. खाली बेरीज आणि फरक. आमचा जन्म हिशेबात गेलेला. आम्ही पाहताक्षणी म्हटले, "अगं, ही तर आमची रोजकीर्द!" जमा, खर्च आणि शिल्लक. घाम आणि श्वास यांवाटे जाणारे पाणी मोजता येत नाही, त्यामुळे थोडी शिल्लक दिसतेच. पण हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाची शिल्लक दिवसागणिक वाढतच गेली तर ते पाणी अंगात साठते, पाय सुजतात, दम लागतो. आमच्या कीर्दीत चूक झाली तर साहेब मेमो देतो. या कीर्दीत चूक झाली तर माणूस जातो.

दुसरे वर्ष : जंतू, औषध आणि आजार

दुसऱ्या वर्षी जंतुशास्त्र आणि संसर्ग रोखणे, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी, आनुवंशिकता आणि मोठ्या माणसांच्या आजारांतील परिचर्या. हृदय थांबले तर छाती दाबून ते चालू ठेवण्याचे प्रशिक्षण याच वर्षी. म्हाताऱ्या माणसांची परिचर्या आणि बरा न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कमी करणे, हेही याच वर्षी. व्यवसायाची नीतिमूल्ये हा स्वतंत्र विषय आहे. रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, त्याला न विचारता त्याच्यावर काही करायचे नाही, ही शिकवण त्यात येते.

औषधाच्या वहीत गणितेच गणिते होती. एक उदाहरण आम्ही सोडवून पाहिले. पाचशे मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे. नळी अशी की वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तर मिनिटाला किती थेंब? दहा हजार थेंब भागिले दोनशे चाळीस मिनिटे. आम्ही कागदावर ४१.६६ काढले. तिने तोंडीच "बेचाळीस" सांगितले होते. दुसरे उदाहरण इंजेक्शनचे. एक ग्रॅम औषध दहा मिलिलिटरमध्ये विरघळवले आहे आणि द्यायचे आहे साडेसातशे मिलिग्रॅम. उत्तर साडेसात मिलिलिटर. गणित सोपे आहे, पण ते रात्री तीन वाजता, चाळीस रुग्णांच्या वॉर्डात, नातेवाईक ओरडत असताना चुकवायचे नाही, हे कठीण आहे. म्हणून प्रत्येक वेळी पडताळून पाहायचे : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. आणि डॉक्टरने लिहिलेली मात्रा शंकास्पद वाटली तर ती तशीच न देता विचारायचे. डॉक्टरला विचारण्याइतके ज्ञान नर्सला असावे लागते.

यानंतर जे घडले ते आम्ही विसरणार नाही. संसर्ग रोखण्याच्या वहीत चार रंगांचे डबे काढलेले होते. दवाखान्यातला कचरा कोणत्या डब्यात टाकायचा याचे नियम. २०१६ सालापासून देशभर हे नियम लागू आहेत. पिवळ्यात रक्ताने माखलेले बोळे, पट्ट्या आणि शरीराचे भाग. लालमध्ये वापरलेल्या नळ्या, बाटल्या, सुई काढलेल्या सिरिंज. पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात सुया आणि पाती. निळ्यात काचेच्या बाटल्या.

दादांनी ती वही स्वतःकडे ओढली. "म्हणजे सुई आमच्या गाडीत यायलाच नको?"

"नको, काका. सुई पांढऱ्या डब्यातच."

"मग येते कशी?" कुणीच काही बोलले नाही. दादांनी उजव्या हाताचे बोट पुढे केले. "दोन वर्षांमागं गेली होती. पिशवीत हात घातला आणि कचकन आत. हिच्या आईला सांगितलं नाही. चुना लावला."

ती तिसऱ्या वर्षाची पोर एकदम ताठ बसली आणि वडीलधाऱ्या माणसाला डॉक्टरसारखे प्रश्न विचारू लागली. रक्त तपासले होते का? धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले होते का? हिपॅटायटिस बी ची लस, तीन डोस, घेतली आहे का? दादा मान हलवत राहिले. मग तिने सांगितले ते सर्व सफाई कामगार बंधू-भगिनींनी लिहून ठेवावे. सुई टोचली तर जखम दाबून रक्त पिळायचे नाही, तोंडात बोट घालायचे नाही, चुना-हळद लावायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे आणि लगेच मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचे. एचआयव्ही टाळण्याची औषधे जितकी लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू होतील तितके चांगले. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. हिपॅटायटिस बी ची लस आधीच घेतलेली असावी. "उद्या या काका, रक्त तपासून घेऊ," असे म्हणून तिने विषय संपवला. दादांची मुलगी मात्र बापाच्या बोटाकडेच पाहत होती.

तिसरे वर्ष : मूल, मन आणि वस्ती

तिसऱ्या वर्षी बालकांची परिचर्या. लसी कोणत्या वयात, बाळाचे वजन आलेखावर कसे नोंदवायचे, मुलाच्या वजनाप्रमाणे औषधाची मात्रा कशी काढायची. मानसिक आजारांची परिचर्या हा दोन्ही सत्रांत विषय आहे. अंगात आले, करणी केली म्हणून आपण ज्यांना बाबा-बुवांकडे नेतो, त्यांतल्या कितीतरी जणांना उपचाराची गरज असते, हे येथे शास्त्राने शिकवतात.

सामाजिक आरोग्य परिचर्येत विद्यार्थी वस्त्यांत आणि खेड्यांत जातात. घरोघर पाहणी, पाणी, संडास, क्षयाचे रुग्ण, गरोदर बायका. एकाच विहिरीवर पाणी भरणारे किती जण आजारी पडले यावरून साथ कुठून आली ते कसे शोधायचे, तेही शिकतात. ही मुलगी म्हणाली की इतर मुली पहिल्यांदा झोपडपट्टीत गेल्या तेव्हा बावरल्या; तिला मात्र घरीच आल्यासारखे वाटले आणि बायका तिच्याशी मोकळेपणी बोलल्या. हे भांडवल आपल्या मुलांकडे आहे, ते कमी समजू नये.

याच वर्षी न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायदे असा एक विषय आहे. बाईवर किंवा मुलीवर अत्याचार झाला आणि ती दवाखान्यात आली, तर तिच्याशी कसे बोलावे, तिचे कपडे आणि इतर पुरावा नष्ट होऊ न देता कसा जपावा, नोंद कशी करावी. अत्याचाराच्या किती खटल्यांत पुराव्याअभावी आरोपी सुटतात हे आपल्या समाजाला सांगायला नको. त्या पहिल्या तासाला बाईच्या बाजूला उभी असते ती परिचारिका. ती शिकलेली असेल, आणि मनाने आपली असेल, तर केवढा फरक पडेल!

सहाव्या सत्रात वॉर्डाचे व्यवस्थापन आणि प्रसूतीची परिचर्या सुरू होते.

चौथे वर्ष : बाळंतपण, संशोधन आणि पूर्ण वेळ काम

सातव्या सत्रात प्रसूती व स्त्रीरोग परिचर्येचा दुसरा भाग, सामाजिक आरोग्याचा दुसरा भाग आणि संशोधन व संख्याशास्त्र. आम्ही बी.कॉम.ला घासलेले मीन-मीडियन येथेही आहे! बाळंतपणात मुली नुसत्या मदतीला उभ्या नसतात, तर स्वतः नैसर्गिक बाळंतपण करायला शिकतात. बाळंतपणानंतर पहिले एक-दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशय आवळले की नाही आणि रक्त किती जाते हे पाहतात, कारण जिवावर बेतणारा रक्तस्राव बहुधा याच वेळी सुरू होतो.

आठव्या सत्रात वर्ग नाहीत. बावीस आठवडे, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, रुग्णालयात आणि सामाजिक आरोग्य केंद्रांवर काम : प्रौढांच्या वॉर्डात सहा आठवडे आणि सामाजिक आरोग्य, बालके, मानसिक आरोग्य व प्रसूती यांत प्रत्येकी चार आठवडे. म्हणजे एक हजार छप्पन्न तास. पदवीनंतर राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि मुलगी नोंदणीकृत परिचारिका व प्रसविका म्हणून काम करू शकते. मुलांनाही हा अभ्यासक्रम खुला आहे. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात.

उठता उठता दादांनी आम्हाला एवढेच विचारले, "भाऊ, ते व्हॅलिडिटीचं काय म्हणत होता तुम्ही? फॉर्म कुठं मिळतो?"

प्रवेशासाठी काय लागते

हाच प्रश्न आणखी पालकांना पडणार, म्हणून थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण असावीत. महाराष्ट्रात राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या सुमारासच निघतात, निकालाची वाट पाहत बसू नये.

जातीचा दाखला, जात पडताळणीचे म्हणजे व्हॅलिडिटीचे प्रमाणपत्र, अधिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावेत. बौद्ध बांधवांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० सालच्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यासाठी किती वर्षे लढा द्यावा लागला हे जुन्या माणसांना आठवत असेल. तो लढा जिंकून आपण दाखल्यासाठी प्रवेश गमावणार असू, तर दोष कोणाला द्यायचा? व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा.

वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची चौकशी करावी. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करावा.

बारावीला सायन्स नसेल तरी वाट बंद होत नाही. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या मुलांना करता येतो आणि ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. जी.एन.एम. झाल्यावर पुढे पदवीही करता येते.

फसू नका

एक कटू अनुभव सांगणे भाग आहे. आमच्या नात्यातील एका मुलीने सहा महिन्यांच्या 'नर्सिंग कोर्स'ला चाळीस हजार रुपये भरले. आईने त्यासाठी गळ्यातले मोडले. शेवटी हाती आले रंगीत छपाईचे एक प्रमाणपत्र. परिचर्या परिषदेत त्याची नोंदणी होईना. आज ती एका खाजगी दवाखान्यात आयाच्या पगारावर राबते आणि कामे मात्र नर्सची करते. काही चुकले तर जबाबदार कोण? आम्ही फॉर्म भरणारे, पण तिच्या फॉर्मच्या वेळी आम्हीच नीट चौकशी केली नाही, ही आमची चूक आम्ही कबूल करतो.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? विद्यापीठ कोणते? (महाराष्ट्रातील बहुतेक नर्सिंग महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत.) आणि मुले शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात, ते किती खाटांचे आहे? तिथे जाऊन डोळ्यांनी पाहा. परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याचा कायदा २०२३ साली झाला आहे, तेव्हा मान्यता कोण देते हे प्रवेशाच्या वेळी पुन्हा विचारून घ्यावे. सीईटीच्या फेरीत महाविद्यालयाचे नावच नसेल तर शंका घ्यावी.

नोकरीचेही खरे तेच सांगितले पाहिजे. सरकारी भरती रखडते, कंत्राटी जागा वाढल्या आहेत, रात्रपाळी चुकत नाही. खाजगीत सुरुवातीला फार कमी पगार देतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेल्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने लहान रुग्णालयांतही परिचारिकेचा पगार दरमहा वीस हजारांच्या खाली नसावा अशी शिफारस केली होती. ती पाळली जातेच असे नाही. पण पदवी आणि नोंदणी असेल तर सरकारी अधिपरिचारिका, एम्सची भरती, पुढे एम.एस्सी. करून शिक्षिका, अशा वाटा उघडतात. नोंदणी नसेल तर त्यांतली एकही उघडत नाही.

दादांच्या प्रश्नाचे उत्तर

दादांचा प्रश्न आम्ही अजून चुकीचा मानत नाही. जे काम जन्माने लादले, ज्याचे ज्ञान दिले नाही, मोल दिले नाही आणि सोडायची मुभा दिली नाही, ते काम टाकून देणे हाच धर्म होता. आपल्या आज्या-पणज्यांनी तो पाळला. परंतु जे काम शिकून, परीक्षा देऊन, स्वतः निवडून केले जाते, ज्याची सही चालते आणि जे प्रत्येक जातीच्या घरातली मुलगी करते, ते काम निराळे. भांडे तेच असेल, पण ते हातात धरणारे माणूस तेच राहत नाही.

विनयपिटकातील एक प्रसंग बहुतेकांनी ऐकला असेल. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. त्याच ठिकाणी रुग्णाची सेवा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण असावेत तेही सांगितले आहे. औषध तयार करता यावे. पथ्य काय, अपथ्य काय ते कळावे. लोभाने नव्हे, मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी यांची किळस बाळगू नये. आणि रुग्णाला धीर देणारे बोलता यावे.

आम्ही हे पाच गुण दादांना बोटांवर मोजून सांगितले. त्यांना भीती वाटत होती ती गोष्ट पाचांतली एक आहे. उरलेल्या चारांसाठी चार वर्षे लागतात.

दादांनी दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतले आणि लसीचा पहिला डोसही घेतला. व्हॅलिडिटीचा अर्ज गेला आहे. प्रवेशाची यादी अजून लागायची आहे. ज्या पालकांच्या घरी यंदा अकरावी-बारावीचे मूल आहे त्यांनी दाखल्यांची पिशवी घेऊन येत्या रविवारी विहारात यावे. आम्ही दहा वाजल्यापासून बसलेलो असतो.